विमल, चिंचेनं काही केलं नव्हतं

शकूचे दात बसले, डोळे वर गेले, आणि तू "चप्पल आना रे, चामड्यानी चप्पल आना" असं ओरडत अंगणात धावलीस. विमल, मला तेच आधी आठवतं. तुझी पोर खाटेवरून खाली घसरत होती, तिचं पोट एका अंगाला कललं होतं, तोंडाच्या कडेनं रक्त मिसळलेला फेस येत होता, आणि तू कुणाचं तरी जुनं पायताण तिच्या नाकाशी दाबून बसली होतीस. कुणी कांदा फोडला. कुणी तिच्या मुठीत किल्ल्या कोंबल्या. वारं लागू नये म्हणून दार लावून घेतलं. झटका ओसरला, शकू घोरायला लागली, तेव्हा तू आमच्याकडे बघून म्हणालीस, "उतरनं. आते उतरनं." मग दुसरा झटका आला.

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते येतच राहिले. तिथं डॉक्टरांनी पोट फाडून पोर काढली. पोर रडली. शकूनं डोळे उघडले नाहीत.

आता तूही गेलीस. तुझा दहावा होऊन गेला. घरात बायका येतात आणि म्हणतात, विमलबाई किती गरीब स्वभावाची होती. मी ऐकून घेते. तू गरीब स्वभावाची कधीच नव्हतीस. हट्टी होतीस, तोंडाळ होतीस, दुसऱ्याच्या चुलीवरच्या भाजीत मीठ घालून यायचीस. धुळ्याकडून लग्न होऊन आलीस आणि एवढी वर्षं यावल तालुक्यात काढूनही तुझी बोली सोडली नाहीस. मी म्हणायचे, "तुझं 'शे, शे' ऐकून गोठ्यातल्या म्हशी वळून बघतात." तू म्हणायचीस, "तुमनी भाषा तरी कोठे गोड शे, अक्का? साखर मांगी तरी भांडन काढं अशी वाटस." मी थोरली जाऊ, तू धाकटी. एका अंगणात आयुष्य गेलं. त्यातलं अर्धं भांडणात गेलं, आणि त्यातलं एक भांडण अजून मिटलेलं नाही.

ते चिंचेचं.

पहिल्या बाळंतपणासाठी तू शकूला सासरहून आणायला गेलीस, तेव्हा एसटीनं तुम्हाला फाट्यावर सोडलं. भर दुपार होती. गावाकडं येताना पोर दमली, म्हणून नाल्याकाठच्या चिंचेखाली तू तिला बसवलंस. पाणी पाजलंस, पदरानं वारा घातलास. त्या चिंचेखाली आपल्या गावात कुणी बसत नाही, तिथलं लागतं म्हणतात. तुला ते माहीत होतं, पण पोरीचे पाय भरून आले होते आणि दुसरी सावली नव्हती. शकू गेल्यावर तू पहिल्यांदा तोंड उघडलंस ते हेच बोलायला, की आपल्या हातानं तिला तिथं बसवलं. "मीच बसाडी तिले. मन्ह्या हातघाई बसाडी." त्यानंतर तू ते सोडलंच नाहीस. दर अमावस्येला नाल्यावर नारळ, दर वर्षी चिंचेच्या फांदीला हिरवी चोळी. मी म्हणायचे, विमल, झाडाला काय कळतंय. तू म्हणायचीस, तुमले काय कळस.

मला एवढं कळत होतं की त्या चिंचेखाली बसायच्या आधीपासून शकूचे पाय सुजले होते. भरून आले होते ते त्याचमुळे. पुढं बोटं एवढी सुजली की जोडवी कापून काढावी लागली. तोंडही सुजलं, आणि आपण म्हणालो, माहेरचं अन्न अंगी लागलं. डोकं दुखतं म्हणायची, तर तू सुंठ उगाळून कपाळाला लावायचीस. सासरी ती दवाखान्यात दाखवत होती. माहेरी आणल्यावर ते सुटलं. आपल्याकडं तसंच होतं. माहेरी आलेल्या पोरीनं खायचं आणि लोळायचं, तिला कुणी दवाखान्याच्या बाकड्यावर नेऊन बसवत नाही. सासरचे समजतात आता आईकडं आहे, आई समजते सासरी सगळं दाखवून झालंय. या मधल्या दिवसांत पोरीकडं बघणारं कुणीच नसतं, आणि लाड मात्र सगळे करत असतात.

शकूची पोर, पिंकी, तू वाढवलीस. ते तू चांगलं केलंस, म्हणजे फारच चांगलं केलंस, हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. तू तिला मारलंस, शिकवलंस, केळीच्या बागेत घड वाहून दमलेली असायचीस तरी तिच्या वेण्या घातल्यास. धुळ्यात चांगलं घर बघून दिलंस. तिला दिवस गेले तेव्हा तू हसलीस आणि त्याच दिवशी नाल्यावर जाऊन आलीस.

तिला बाळंतपणासाठी आणलंस तेव्हा मी ओट्यावर होते. फाट्यावरून सरळ न येता रिक्षा पार यावलला वळसा घालून आली, नाला टाळायला. रिक्षावाला वैतागला होता. "आजी, सरळ रस्ता सोडून कुठं फिरवलं मला!" तू त्याला म्हणालीस, "सरळ रस्ता तुन्या घर लई जाय." पिंकी हसत उतरली. मी तिच्या पायांकडं बघितलं. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते.

मी बोलले. तू म्हणालीस, प्रवासानं सुजलेत. पुढं पुन्हा बोलले. तू म्हणालीस, तिच्या गळ्यात गंडा आहे, चिंच टाळलीय, आता काही होत नाही. तुझा सगळा पहारा नाल्याच्या बाजूला होता. घरात, तुझ्या डोळ्यांसमोर, पोर फुगत चालली होती.

मग त्या दिवशी सकाळी ती माझ्याजवळ तांदूळ निवडायला बसली. सारखं कपाळ धरत होती. सूप माझ्याकडं सरकवलं तेव्हा त्यात खडे तसेच. मोठे, काळे खडे. मी म्हटलं, "पिंके, डोळे घरी ठेवून आली का?" ती म्हणाली, "मोठी आजी, मला सगळं धुरकट दिसतंय. कालपासून." मी सूप खाली ठेवलं आणि रिक्षा बोलावली. तू मागून ओरडत आलीस, "जेवन तरी करू दे तिले." मी म्हटलं, "तू बस जेवत." तू रिक्षात चढलीस. डबा घेऊन चढलीस, हेही मला आठवतं.

सरकारी दवाखान्यात सिस्टरनं दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. लघवी तपासली. बाई तरुण होत्या, पंखा बंद पडलेला, घामानं भिजलेल्या. त्यांनी विचारलं, शेवटचं कधी दाखवलं? पिंकी म्हणाली, धुळ्यात असताना. सिस्टर आमच्याकडं वळून म्हणाली, "दोन दोन आज्या आहेत घरात आणि एकीलाही सुचलं नाही?" मी म्हटलं, "बोलून काय होणार आहे, पुढचं बघा."

बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. गरोदरपणातच हा आजार होतो, त्यात प्रेशर चढतं, लघवी बिघडते, डोळ्यापुढं धुरकट होतं. याच्या पुढची पायरी म्हणजे झटके. "अजून आलेले नाहीत. यायच्या आधीच मॅगसल्फची सुई द्यायची, म्हणजे झटके बहुतेक टळतात. प्रेशरची गोळी वेगळी देतोय. बाळंतपण जळगावला करावं लागेल, गाडी बोलावलीय." मी विचारलं, मॅगसल्फ म्हणजे काय? त्या म्हणाल्या, मॅग्नेशियम सल्फेट, एक प्रकारचं मीठच आहे, पण खायचं नव्हे.

तू यातला एकच शब्द ऐकलास. झटके. तू भिंतीला टेकून खाली बसलीस.

औषध पुष्कळ असतं, म्हणून ते दोन भागात, दोन्ही कुल्ल्यांत खोलवर देतात. एका बाजूची सुई झाली. पिंकी दात खाऊन पडून राहिली. सिस्टर दुसऱ्या बाजूसाठी एकेक काचेची कुपी फोडून औषध ओढून घेत होती, तेवढ्यात पिंकी ओरडली, "आजी, आग होतेय गं! घशापासून पायापर्यंत, अंग पेटलंय माझं!" तिचं तोंड लाल झालं होतं. सिस्टरनं आधी सांगून ठेवलं होतं की अंग गरम वाटेल. पण तू उठलीस ती वेगळ्याच डोळ्यांनी उठलीस. शकूच्या खाटेजवळचे तुझे डोळे होते ते. सिस्टरच्या हातावर तू थाप मारलीस. भरलेली सुई ट्रेमध्ये पडली, नशिबानं सांडली नाही. मग पिंकीच्या अंगावर पालथी पडून तू तिला झाकून घेतलंस.

"नही! आते नही! पोर जळी राहिनी मन्ही. दुसरी सुई मारानी नही."

"आजी, बाजूला व्हा. अर्धंच गेलंय औषध. अर्ध्यानं भागत नाही."

"तुमले काय जास. पोर मन्ही शे."

डॉक्टरीणबाई बोलल्या, सिस्टर बोलली, शिपाई येऊन तुझा दंड धरायला लागला तर त्याला तू चावलीस. गरोदर बाईच्या अंगावरून म्हातारीला ओढून कसं काढायचं, सगळे अडले. पिंकी रडत होती आणि तिचं डोकं फुटायला आलं होतं. वेळ जात होता. शकूच्या वेळी गेला तसाच.

मी तुझ्या कानाशी गेले आणि म्हणाले, "विमल, शकूले ही सुई भेटली असती तर आज ती हिच्या उशाशी बसली असती. चिंचेनं काही केलं नाही. हाच आजार होता. पाय सुजले, डोकं दुखलं, तुले सारं दिसत होतं. आता उठ."

तू उठलीस. माझ्या तोंडात मारलीस. थोरल्या जावेला, चारचौघांत, दवाखान्यात. माझा चष्मा खाटेखाली गेला. नंतर तू तशीच उभी राहिलीस, हात खाली सोडून. सिस्टरनं तेवढ्यात दुसरी सुई दिली.

मी बोलले ते कठोर होतं असं पिंकी नंतर म्हणाली. असेल. मऊ बोलायला वेळ नव्हता. पण एक गोष्ट मला तेव्हाही दिसली होती. मला मारल्यावर तू परत तिच्या अंगावर पडू शकत होतीस. पडली नाहीस. एवढी वर्षं धरून ठेवलेलं झाड एका वाक्यात हातातून सोडायचं, आणि सोडलं की समोर काय येतं ते बघायचं, आणि तरी बाजूला उभं राहायचं. मला जमलं असतं की नाही, सांगता येत नाही. तुला जमलं.

गाडीत सिस्टर बरोबर आली. रबराच्या छोट्या हातोडीनं ती पिंकीच्या गुडघ्यावर मारायची आणि पाय उडतो का बघायची, श्वास मोजायची, लघवीच्या पिशवीकडं बघायची. तुला राग आला, की पोर मरायला टेकलीय आणि ही काय खेळ करते. सिस्टर म्हणाली, "पाय उडतोय तोवर औषध अंगाला मानवतंय, आजी. उडायचा थांबला तर जास्त झालं समजायचं, मग त्यावरही उतारा आहे माझ्याजवळ." त्यानंतर तू गुडघ्यावरून नजर हलवली नाहीस. पाय उडला की तू मान हलवायचीस. भुसावळ मागं पडलं तरी माझ्याशी एक शब्द नाही.

जळगावला डॉक्टरांनी पोट उघडून मुलगी काढली. अगदी एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवली. झटका एकही आला नाही. बाळ झाल्यावरही त्यांनी ते औषध चालूच ठेवलं, तेव्हा तू नर्सला विचारलंस, आता पोट मोकळं झालं, आता कसाले? ती म्हणाली, बाळंत झाल्यावरसुद्धा झटके येतात, म्हणून पुढचा दिवसभर द्यायचं. त्या वेळी पिंकीची कूस तू स्वतः वळवून धरलीस. "दे," म्हणालीस.

तुझा हा हट्टीपणाही सांगते, की घरी आल्यावर तू पहिल्यांदा नाल्यावर गेलीस आणि चिंचेला चोळी बांधून आलीस. गावात सांगितलंस, चिंचेनं पोर सोडली. पण नंतर शेजारच्या सुनेच्या पायावर सूज दिसली तेव्हा तू तिच्या सासूला न विचारता तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेलीस, तेही मी ओट्यावरून बघितलं. आल्यावर तिच्या दंडाला गंडा बांधलास. दोन्ही केलंस. तुझ्याशी कुणी काय वाद घालणार.

माझ्याशी तू बोलायला लागलीस ते पावसाळ्यानंतर. आपण दोघी अंगणात वाल सोलत होतो. पिंकीची पोर झोळीत होती. मान वर न करता तू विचारलंस, "अक्का, तवय ती सुई व्हती का?"

मला कळलं कुठलं 'तवय'. मी वाल सोलत राहिले.

तू पुन्हा म्हणालीस, "शकूना टाईमले. व्हती का?"

मी म्हटलं, "नव्हती. आत्ता आत्ता निघाली."

तू "हां" म्हणालीस. मग शेंगांचं टोपलं माझ्याकडून ओढून घेतलंस आणि म्हणालीस, "इतलं जाड साल काढतस का? अर्धा दाना जाई राहिना." तेव्हापासून आपण पहिल्यासारख्या भांडायला लागलो.

तू दुपारी झोपलीस आणि उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. तुला आंघोळ घालायला मी बसले, बाकीच्या बायका रडत होत्या. पाणी ओतता ओतता मी तुझ्या गुडघ्यावर बोटं वाकवून मारली. का मारली, मला विचारू नकोस. पाय उडला नाही. पिंकीनं बघितलं आणि माझा हात धरला. ती तेव्हा रडली, त्याआधी रडली नव्हती.

मी आयुष्यात तुझ्याशी गोड खोटं बोलले नाही. चांगली दिसतेस म्हणून, भाजी चांगली झाली म्हणून, कधीच नाही. एकदाच बोलले, ते वाल सोलताना. जळगावला पिंकी काचेपलीकडच्या पोरीकडं बघत होती, तेव्हा मी तिथल्या म्हाताऱ्या नर्सला तेच विचारलं होतं जे तू मला नंतर विचारलंस. ती म्हणाली, होती की, आजी. मी नोकरीला लागले तेव्हापासून ही सुई देतोय. मी म्हटलं, मग आमची शकू? ती म्हणाली, सगळ्याच वाचतात असं नाही, पण वेळेवर मिळाली तर झटके पुष्कळ कमी होतात. तुमच्या पोरीलाही इथं दिली असेल. तुम्ही आलात केव्हा, त्यावर असतं.

होती, विमल. तेव्हाही होती. आपण दार लावून चप्पल हुंगवत होतो तेव्हा ती जळगावला कपाटात होती. शकू वाचलीच असती, असं मी दवाखान्यात तुला छातीठोक सांगितलं, ते तुला उठवायला. तेवढं खात्रीनं कुणालाच माहीत नाही. पण चिंचेखाली तू तिला सावलीत बसवलंस आणि पाणी पाजलंस, यानं ती मेली नाही, हे मला नक्की माहीत आहे. एवढं एक तू माझ्याकडून घ्यायला हवं होतंस. नाही घेतलंस. आता तुला ऐकू येत नाही, म्हणून सगळं सांगून टाकते.

परवा पिंकी धुळ्याला परत गेली. तुझी झोळी बरोबर नेली. रिक्षा नाल्यावरूनच गेली, सरळ रस्त्यानं. चिंचेच्या फांदीला तुझी शेवटची चोळी अजून आहे, उन्हानं पांढरी पडलीय. मी ती काढणार नाही.

शकूच्या वेळी पिंकी जगली. पिंकीच्या वेळी दोघी जगल्या.